बिनचुलीचा पौष

पौष लागला की नदीकडचा वारा आमच्या चिंचवडच्या इमारतीत थेट पाचव्या मजल्यापर्यंत येतो. शेजारपाजारचे लोक आठ वाजेपर्यंत खिडक्या उघडत नाहीत. मी उघडते. वयामुळे झोप लवकर संपते आणि वाऱ्याचं मला काही वाटत नाही, एवढंच त्याचं कारण.

परवा नातसुनेनं मिक्सरमध्ये खजूर, शेंगदाणे आणि तीळ फिरवून लाडू वळले. दहा मिनिटांत ताटली माझ्यासमोर आली. "आजी, गॅससुद्धा लावला नाही. तूप नाही, दूध नाही, साखर तर नाहीच," ती म्हणाली. मी एक खाल्ला. चांगला झाला होता. तसं सांगितलं. ती खूश होऊन कामावर गेली आणि मी ताटलीकडे बघत बसले.

असे लाडू मी एका पौषात रोज वळले आहेत. एकोणीस वर्षांची होते तेव्हा.

ती पिंपरी आता कोणाला दाखवता येणार नाही. रेल्वेचे रूळ आणि मुंबईचा रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात ज्वारीची शेतं होती आणि त्या शेतांत लोखंडाचे सांगाडे उभे राहत होते. आम्ही त्याला कंपनी म्हणत होतो, पण अजून कंपनीला भिंती नव्हत्या. नगरकडून, सोलापूरकडून, कोकणातून माणसं आली होती. ठेकेदारानं आमच्यासाठी चौदा झोपड्यांची एक लाइन बांधून दिली होती. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर जुने पत्रे, आणि पत्रे पुरले नाहीत तिथे कडबा. दोन घरांच्या मधे एकच तट्टा. शेजारच्या घरात कोणी कूस बदलली तरी ऐकू यायचं.

आमच्या शेजारी शरीफाबी राहायच्या. त्यांना सगळी लाइन भाबी म्हणायची. माहेर चाकणचं, त्यामुळे बोलणं आमच्यापेक्षाही अस्सल गावरान. त्यांचे मालक इब्राहिमभाई कंपनीच्या गाड्या दुरुस्त करायचे. मुलगी झुबेदा सतरा वर्षांची, तिचं लग्न तळेगावला ठरलेलं. मी लग्न होऊन त्या लाइनीत आले तेव्हा मला चूलसुद्धा नीट मांडता येत नव्हती. वारा कुठून येतो ते बघून चुलीचं तोंड कुठे करायचं, हे भाबींनी शिकवलं. माझ्या आईनं जे शिकवायचं राहिलं होतं ते सगळं मी तट्ट्याच्या पलीकडून शिकले.

संक्रांतीला आठ-दहा दिवस होते. दुपारची वेळ. हे, म्हणजे माझे मालक, कामावर गेले होते. मी चुलीवर तीळ भाजत होते. तेवढ्यात नळाला पाणी आल्याची ओरड झाली. पाणी दिवसातून एकदाच यायचं, तेही अर्धा तास. मी तवा उतरवला, जळतं लाकूड चुलीतून बाहेर ओढलं, जमिनीवर दोनदा आपटलं आणि कळशी घेऊन पळाले. पाणी शिंपडून लाकूड विझवायला हवं होतं. पण घरात पाणी नव्हतं म्हणूनच तर मी धावत होते.

रांगेत माझ्यापुढे सहा-सातजणी होत्या. कळशी भरून वळले तेव्हा आमच्या पत्र्याखालून धूर येत होता. मी दारापर्यंत पोचले. आत बघितलं. ते लाकूड गडगडत तट्ट्याला जाऊन टेकलं होतं आणि तट्टा खालून वर पेटत होता. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्यानंतर मी ओरडले.

वारा भाबींच्या घराच्या दिशेनं होता. भाबींच्या झोपडीवर अर्धा कडबाच होता. आमचं घर अजून जळत होतं तोवर त्यांचं जळून खाली बसलं होतं. त्यापुढची चारही गेली. माणूस एकही गेलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. झुबेदाच्या लग्नाचे कपडे ज्या ट्रंकेत होते ती ओढून काढताना भाबींचे दोन्ही तळवे भाजले. ट्रंक निघाली. आतले कपडे कडांनी काळे झाले होते.

संध्याकाळी सगळी लाइन बाहेर बसली होती. ठेकेदाराचे मुकादम आले. "कुणाच्या घरातनं लागली?" त्यांनी विचारलं.

कोणीतरी म्हणालं, "भाबींचं घर आधी बसलं. त्या घरामागं लाकडं फोडीत होत्या. चहाची चूल पेटलेली होती."

मुकादमांनी भाबींकडे बघितलं. भाबींचे हात हळदीच्या फडक्यात गुंडाळलेले होते. त्या म्हणाल्या, "निखारं झाकलं व्हतं मी. झाकलं व्हतं वाटतंय." मग हातांवरच्या फडक्याकडे बघून, "न्हाई झाकलं असंल नीट."

मी तिथंच होते. त्यांच्यापासून दोन हातांवर. मी काही बोलले नाही.

लोक विचारतात, जुनं इतकं स्पष्ट कसं आठवतं. सगळं नाही आठवत. आमच्या लग्नात कोण कोण आलं होतं, ते मला आता सांगता येणार नाही. पण त्या संध्याकाळी मी कुठल्या दगडावर बसले होते, ते सांगता येईल.

मुकादमांनी हुकूम काढला. नवे पत्रे येईपर्यंत लाइनीत चूल पेटवायची नाही. विहिरीपाशी उघड्यावर दोन मोठ्या चुली मांडल्या जातील, सकाळी एकदाच सगळ्यांचं शिजेल. जळलेल्या सहा घरांनी गोणपाट आणि उरलेले पत्रे जोडून आडोसे केले. आमचा आणि भाबींचा आडोसा पुन्हा शेजारीच आला. मधे आता तट्टाही नव्हता, नुसतं एक लुगडं बांधलेलं होतं.

सकाळी शिजवलेलं दुपारपर्यंत संपायचं. पुरुष पहाटेच्या शिफ्टला उपाशी जायचे. भाबी विहिरीवरच्या चुलीकडे गेल्या तर बायका सरकून बसायच्या. एकीनं तर तोंडावर म्हटलं, "भाबी, तुमी लांबच बसा. तुमच्या हाताला आग लागलीया." बोलणारी वाईट नव्हती. तिचंही घर जळलं होतं.

भाबी परत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा भाऊ चाकणहून आला. ते गुऱ्हाळाचे दिवस. त्यानं डबाभर काकवी आणली होती, नवी, लालसर, बोटाला दोऱ्यासारखी लांबणारी. झुबेदा सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका दुकानातून खजूर घेऊन आली. डाळं आणि भाजके शेंगदाणे भट्टीवाल्याकडे मिळायचे. भाजायचे राहिलेले तीळ माझ्याकडे होते. एका गाडग्यात होते म्हणून वाचले होते.

"सुमन," लुगड्याच्या पलीकडून भाबींनी हाक मारली. "तुझं हात चांगलं हायत ना? मग ये हिकडं. माझं हात न्हाईत, तू कुट."

मी गेले.

तीळ कच्चेच होते. भाबींनी जळक्या पत्र्यांतला एक पत्रा झुबेदाकडून घासून घेतला, उन्हात तिरका लावला आणि त्यावर तीळ पसरायला सांगितले. पौषातलं ऊन मऊ असतं, पण पत्रा दुपारपर्यंत चांगला तापायचा. तीन वाजता तिळाचा वास सुटायचा. भाजल्यासारखा खमंग नाही, थोडा हिरवट, ओल्या लाकडासारखा. मग खलबत्ता. "आदी डाळं. मग शेंगदाणं, पर लई बारीक न्हाई. खजूर बिया काढून. तीळ शेवटाला टाक, न्हाईतर त्याल सुटतं आन् लाडू तुटतो." वर काकवीची धार, मुठीत मावेल एवढंच मिश्रण, आणि दाबून वळायचं. तूप आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं, त्यामुळे ते घालायचं का नाही हा प्रश्नच आला नाही.

पहिल्या दिवशी ते लाडू आमच्या दोन घरांतच खाल्ले गेले. ह्यांनी दोन डब्यात नेले. दुसऱ्या दिवशी ह्यांच्याबरोबरच्या माणसानं विचारलं. चौथ्या दिवशी लाइनीतली सगळ्यात म्हातारी बाई आली. ती कोणाच्या हातचं पाणीही घ्यायची नाही. उभ्या उभ्या तिनं विचारलं, "चुलीवर चढवलंय काय यातलं काही?"

"न्हाई," भाबी म्हणाल्या. "चूलच न्हाई तर चढवू कशावर?"

"मग दे. चुलीवर न चढल्याला विटाळ कसला!" म्हातारीनं पदर पुढे केला.

तिथून पुढे लाइनीतल्या बायका दुपारी येऊन बसू लागल्या. कोणी शेंगदाणे आणायचं, कोणी गूळ. एक कोकणातली होती, तिच्या घरून सुकं खोबरं आलं होतं, तिनं ते किसून दिलं. बायका भाबींशी पुन्हा बोलू लागल्या, पण एका ठरावीक अंतरावरून. जसं चूक झालेल्या माणसाशी बोलतात तसं. आणि भाबी ते अंतर मान्य करून बोलायच्या. ते मला सगळ्यात जड जायचं. कुटता कुटता मी मान खाली घालायचे. बायकांना वाटायचं, पोर कामसू आहे.

एका दुपारी आम्ही दोघीच होतो. भाबींच्या तळव्यांची कातडी निघत होती. त्या पालथ्या हातानं माशी हाकत होत्या. म्हणाल्या, "सुमन, मला रोज सपनात दिसतंय. मी निखारं झाकते. झाकते आन् जाते. मग वाटतं, झाकलंच न्हाई. सहा घरं गं. माझ्या हातानं."

माझ्या हातात बत्ता होता. तो मी खाली ठेवला नाही. कुटत राहिले. त्या वेळी तोंडून एक शब्द निघाला असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं, असं मी पुष्कळ वर्षं मानत होते. आता तसं वाटत नाही. सोपं काही झालं नसतं. पण तेव्हा सांगणं बरोबर झालं असतं.

त्या दिवशी मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ओढायला काढलेली बिडी परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "आत्ता बोललीस ते बोललीस. पुन्यांदा बोलू नको. मुकादम आपल्याला लाइनीतनं काढंल, कामावरनंबी काढंल. भाबींचा होणारा जावई हाय, भाऊ हाय. आपलं कोन हाय हितं?"

ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कुटायला बसले.

संक्रांत झाली. लाइनीतल्या हिंदू घरांनी त्या वर्षी भाबींनी सांगितलेले आणि मी वळलेले लाडूच तिळगूळ म्हणून वाटले. वाटताना गोड बोला म्हणायचं असतं. मी सगळ्या घरी जाऊन ते म्हटलं.

संक्रांतीनंतर तीन-चार दिवसांनी झुबेदाची होणारी सासू तळेगावहून आली. उंच बाई होती, काळा बुरखा मागे टाकलेला, पायांत जाड वहाणा. गोणपाटाच्या आडोशात तिला बसायला एक पेटी दिली. भाबींनी मला खूण केली. मी ताटलीत लाडू ठेवून नेले. झुबेदा लुगड्याच्या पलीकडे, आमच्या बाजूला बसली होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

त्या बाईनं लाडवाला हात लावला नाही. म्हणाली, "बाई, वाईट वाटून घिऊ नका. आगीचं आमच्याकडं पोचलंय. आमचं घर एकत्र, चार चुली एका छपरात. पोर आईवरच जातीया. मालकांचं म्हणनं हाय, जरा थांबावं."

थांबावं म्हणजे काय, ते तिथल्या तिन्ही बायकांना कळलं. पलीकडच्या चौथीलाही कळलं.

भाबी म्हणाल्या, "झुबेदाचा काय दोष न्हाई. ती तर नळावर व्हती. चूक झाली ती माझ्या हातनं."

मी ताटली खाली ठेवली. मी धीट नव्हते, आजही नाही. मी ठरवून बोलले असंही नाही. झुबेदाचा श्वास थांबला होता आणि तो पुन्हा सुरू होत नव्हता, एवढंच मला जाणवलं.

"आग माझ्या चुलीतनं लागली," मी म्हणाले. "मी जळतं लाकूड बाहेर काढून ठेवलं आणि पाण्याला गेले. परत आले तेव्हा माझा तट्टा आतून पेटला होता. मी बघितलं. भाबींच्या चुलीचा काही संबंध नाही."

तळेगावच्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मग भाबींकडे. "ही कोन?"

भाबींचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. राग यायला वेळ लागतो, हे मी त्या दिवशी बघितलं. आधी त्यांच्या चेहऱ्यावर नुसती सुटका आली. खांदे खाली आले. पालथे हात त्यांनी मांडीवर उलटे केले आणि स्वतःचे तळवे बघितले. त्यानंतर राग आला.

"इतकं दिवस," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "इतकं दिवस माझ्या म्होरं बसून लाडू वळलेस तू."

मी उभीच होते.

"मी सपनं सांगत व्हते तुला. आन् तू कुटत व्हतीस."

"हो," मी म्हणाले.

"जा आता."

मी लुगड्याखालून आमच्या बाजूला आले. झुबेदा माझ्याकडे न बघता पलीकडे गेली.

मुकादमांना संध्याकाळपर्यंत कळलं. ह्यांना कामावरून काढलं नाही, ह्यांचा अंदाज तेवढा चुकला. पण लाइनीत राहायची सोय बंद झाली. दोन दिवसांत आम्ही दापोडीला एका खोलीत गेलो. सामान असं काही नव्हतंच. निघताना बायका बाहेर आल्या नाहीत. म्हातारी तेवढी आली. "खरं बोललीस, पर लई उशिरा बोललीस," म्हणाली. हे माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले. मग एकदा जेवताना आपणहून म्हणाले, "मीच गप कर म्हनलो व्हतो. त्यातलं निम्मं माझ्यावर." आमच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी केलेल्या गोष्टींत मी ते वाक्य पहिलं धरते.

झुबेदाचं लग्न फाल्गुनात झालं. इब्राहिमभाई रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी सांगितलं. कडांनी जळलेले कपडे कापून, नवी किनार लावून तिनं तेच घातले, असंही म्हणाले. आम्हाला बोलावणं नव्हतं. त्यांना ते सांगताना अवघड वाटलं, मलाही ऐकताना अवघड वाटलं, म्हणून आम्ही सायकलच्या चेनबद्दल बोललो आणि आपापल्या वाटेनं गेलो.

त्यानंतर मुलं झाली, मोठी झाली, पिंपरीतली शेतं गेली. ज्या पट्ट्यात आमची लाइन होती तिथे आधी कुंपण आलं, मग कारखाना. दरवर्षी पौषात काकवी विकणारा दारावर यायचा. मी घ्यायचे, मुलं पोळीबरोबर खायची. लाडू मात्र मी कधी केले नाहीत. कोणी विचारलंही नाही, आणि न विचारलेल्या गोष्टी घरात फार सहज लपतात.

भाबी मला पुन्हा दिसल्या त्या चाकणच्या एसटी स्टँडवर. माझा थोरला तेव्हा कॉलेजात होता, म्हणजे मधे बरीच वर्षं गेली होती. मी कांदे घ्यायला गेले होते. बाकावर एक म्हातारी बाई पिशवी शेजारी ठेवून, हात मांडीवर उलटे टाकून बसली होती. मी हातांवरून ओळखलं. तळव्यांची कातडी गुळगुळीत होती, रेषा नसलेली.

"भाबी," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. ओळखायला वेळ लागला नाही. पिशवी बाकावरून उचलून पायांशी ठेवली. तेवढी जागा झाली, मी बसले. त्यांनी गुडघ्यांचं सांगितलं. इब्राहिमभाई जाऊन चार वर्षं झाल्याचं सांगितलं. झुबेदाला तीन मुलगे. मी माझं सांगितलं. अर्ध्या तासात आम्ही पिंपरी हा शब्द एकदाही काढला नाही. माझी गाडी लागली. मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "मशिदीच्या मागं घर हाय. हिरवं दार. येत जा कदी."

'येत जा' हे लोक सगळ्यांनाच म्हणतात. घरी येऊन मी आठ दिवस त्यावर विचार केला. मग गेले.

दार त्यांनीच उघडलं. आत एक खोली, स्वच्छ सारवलेली. त्यांनी पाणी दिलं. मी पाणी प्यायले आणि तांब्या हातातच धरून विचारलं, कारण तेव्हा विचारलं नसतं तर कधीच विचारलं नसतं.

"भाबी, राग गेला का?"

त्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला. विचार केला. मला खोटं उत्तर द्यायचं नाही, एवढं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"समदा न्हाई," त्या म्हणाल्या. "थोडा हाय अजून. तो राहूदे." मग पाट सरकवला. "भाकरी झालीया, वांग्याचं कालवण हाय. बस. जेवून जा."

मी बसले. जेवले. दुसरी भाकरी त्यांनी न विचारता वाढली.